न पेरलेली हळद

"माणूस येतो आणि माणूस जातो. सरकारं येतात, सरकारं जातात. या जगात जागची न हलणारी वस्तू एकच आहे, आणि ती म्हणजे माती!"

ब्रदर शमुवेल यांनी हे वाक्य जूनमध्ये, नवांकुर कृषी सेवेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये, खरिपाच्या प्रशिक्षणाच्या शेवटी उच्चारलं, तेव्हा करडगव्हाणच्या शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सप्टेंबरात ओढ्याला पूर आला. माणसं सगळी जागेवर राहिली. सरकारही राहिलं. माती तेवढी गेली. हॉलच्या खिडकीखालूनच गेली आणि जाताना बऱ्याच जणांनी आपापली ओळखली.

करडगव्हाण परभणीकडच्या झरी गावाच्या पुढं, ओढ्याच्या काठी. ओढ्याच्या वरच्या अंगाला भागम्माचं अडीच एकर रान. खालच्या अंगाला, ओढा जिथं वळण घेतो तिथं, नवांकुरचा नमुना प्लॉट. नवांकुर ही ख्रिस्ती लोकांची संस्था. गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण प्रशिक्षणाला सगळं गाव यायचं. गांडूळखत कसं करायचं, पेरायच्या आधी बियाण्याची उगवण कशी बघायची, लिंबोळीचा अर्क कसा काढायचा, हे ब्रदर शमुवेल समजावून सांगायचा. तो परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकून आलेला होता, तरी त्याचं बोललेलं शेतकऱ्यांना कळायचं. सुरुवातीला प्रार्थना, शेवटी प्रार्थना, मध्ये चहा आणि बिस्कीट. प्रार्थनेत डोळे मिटायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्यावर होतं. शेतकरी गटाचा अध्यक्ष बन्सीधर एक डोळा मिटायचा.

शमुवेल माणूस मनापासून काम करणारा. पुराच्या दिवशी कमरेला दोर बांधून तो पाण्यात उतरला होता आणि भागम्माची गाय त्यानं ओढून काढली होती. गाय वाचली, गोठा गेला, आणि शेताचं काय झालं ते पाणी उतरल्यावर कळलं.

शेत नव्हतंच. होता तो मुरूम. उन्हात पिवळा पडलेला, मधूनमधून गोटे वर आलेला, एकसारखा मुरूम. जूनमध्ये लावलेली हळद कंदासकट गेली होती. फक्त एका कोपऱ्यात चन्नप्पांची समाधी उभी होती. भागम्माचे मालक चन्नप्पा तीन वर्षांपूर्वी वारले, आणि त्यांच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणे त्यांना त्यांच्याच रानात बसवून पुरलं होतं. वर दगडाचा छोटा ओटा. खाली दगड घट्ट रचलेले असल्यानं तेवढी जागा पुराला हलवता आली नाही. आजूबाजूची माती गेल्यामुळं समाधी मात्र उंच झाली. पूर्वी भागम्मा वाकून विभूती लावायची, आता तिला हात वर करावा लागे. चन्नप्पा जन्मभर पंगतीतसुद्धा कुणाच्या वर बसले नव्हते. आता ते सगळ्या शिवाराच्या वर बसले होते.

नुकसान बघायला एक सरकारी माणूस येऊन गेला. त्यानं पिकाचं नुकसान लिहायला पीक शोधलं. ते सापडलं नाही. म्हणून त्यानं 'पीक आढळले नाही' असं लिहून नेलं.

आठवड्याभरानं भागम्माचा मुलगा महांतेश पुण्याहून आला. सातबारा त्याच्या नावावर होता. त्याच्याबरोबर किशनराव होता. किशनराव रस्त्याच्या कामांना मुरूम पुरवायचा. माती होती तोवर त्या रानाला कधी गिऱ्हाईक आलं नव्हतं. माती गेली आणि खाली पहिल्या प्रतीचा मुरूम निघाला.

"अव्वा, या दगडात काय पेरणार हाईस तू?" महांतेश म्हणाला.

"ते मी बघते."

"तू काय बघतीस? माझ्यासंगं चल. दोन खोल्या हायेत, रुद्राणी हाय, लेकरं हायेत. हितं एकटी काय करायलीस?"

"आन तुझे अप्पा?"

महांतेशनं किशनरावकडं बघितलं. किशनराव पुढं सरकला.

"त्याची फिकीर करू नका, काकू. समाधी आमी जशीच्या तशी उचलून कडंला ठेवूत. आपला जेसीबीवाला लय हलक्या हाताचा हाय."

भागम्मानं त्याच्याकडं असं बघितलं की किशनराव आपला मोबाईल काढून बघायला लागला. मग ती मुलाला म्हणाली, "मी पेरून दाखवते."

"कशात?"

"तुला काय करायचंय कशात? पेरलं तर?"

महांतेशनं मुरुमाकडं बघितलं. तो वाईट मुलगा नव्हता. पुण्यात तो एका कंपनीच्या गेटवर उभा राहायचा, आणि आईला फोन लागला नाही की त्याला रात्री झोप यायची नाही.

"दिवाळीला येतो," तो म्हणाला. "रान पेरलेलं दिसलं तर न्हाई विकत. न्हाई दिसलं तर मी सही करणार. मग रडायचं न्हाई."

"पेरलेलं दिसलं तर."

"पेरलेलं दिसलं तर, अव्वा."

इकडं ओढ्याच्या वळणावर वेगळंच चाललं होतं. नमुना प्लॉटवर शमुवेलनं सोयाबीन केलं होतं. पूर वळणावर मंदावला आणि वरून आणलेलं सगळं त्यानं तिथंच टाकलं. सोयाबीन गाळाखाली गेलं. शमुवेल त्या गाळाच्या कडेला बसून रडला, हे उपासनेच्या मंडळीतल्या कमलबाईनं बघितलं आणि कुणाला सांगितलं नाही, म्हणजे फक्त बायकांना सांगितलं. आणि मग एका सकाळी त्या काळ्याभोर, ओल्या गाळातून हिरवे कोंब वर आले. चार दिवसांत त्यांची पानं झाली. रुंद, लांबट, चकचकीत पानं.

पेरलं होतं सोयाबीन. उगवली हळद.

शमुवेलची पदवी त्याला सांगत होती की हळद आकाशातून पडत नाही. पण पूर येऊन दोनच आठवडे झाले होते. नवांकुर चालवणाऱ्या ट्रस्टची मुख्य कचेरी गेली दोन वर्षं विचारत होती की करडगव्हाणात नेमकं काय चाललंय. अशा वेळी माणसाला काहीतरी हवं असतं. रविवारच्या उपासनेत तो साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभा राहिला. "न पेरलेलं पीक! उद्ध्वस्त झालेल्या रानात न पेरलेलं पीक!" असं तो हात वर करून म्हणाला. कमलबाईनं तिथल्या तिथं गीत सुरू केलं. मंडळीनं टाळ्या धरल्या. फोटो परभणीला गेले, परभणीहून पुढं गेले, आणि निरोप आला की दिवाळीच्या सुमारास ट्रस्टचे मोठे साहेब स्वतः तो चमत्कार बघायला येत आहेत.

बन्सीधरला पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं. पण चमत्कार चालू असताना मध्ये बोलू नये, असं त्याचं मत होतं.

पुढच्या रविवारी उपासना रंगात आली असताना भागम्मा दारात येऊन उभी राहिली. चपला तिनं बाहेर काढल्या होत्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. गीत एकेका आवाजानं थांबत गेलं. शेवटी एकटी कमलबाई गात राहिली, आणि मग तीही थांबली.

"या की, भागम्मा. बसा. सतरंजीवर बसा," कमलबाई म्हणाली.

"बसायला न्हाई आले. ती हळद माझी हाय."

"कोणची?"

"देवानं दिलेली."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. शमुवेल पुढं आला. "मावशी, तुमची कशावरून?"

"ब्रदर, ह्या गावात अजून कुणी हळद लावली होती?"

शमुवेलनं मंडळीकडं बघितलं. मंडळीनं सतरंजीकडं बघितलं. खिडकीच्या बाहेर, उपासना संपून चहा सुरू व्हायची वाट बघत, बन्सीधर उभा होता.

"न्हाई लावली," तो खिडकीतून म्हणाला. "माझं सोयाबीन हाय. समद्यांचं सोयाबीनच हाय. हळद एकट्या भागम्माकाकूची."

"मग बन्सीधरभाऊ, तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी तर गाणं म्हणायलता."

भागम्मानं हात हलवला. "हळद ऱ्हाऊ द्या. हळदीचं काय न्हाई, तुमाला घ्या. तिच्याखालची माती माझी हाय. ती मला दिवाळीच्या आत पायजे." आणि मग तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मुलगा काय म्हणाला ते, किशनराव काय म्हणाला ते. हलक्या हाताच्या जेसीबीवाल्याचं सांगताना मात्र तिनं दाराची चौकट धरली.

त्या दिवशी शमुवेलनं प्रवचन तयार केलं होतं. विषय होता कृपा. ते त्यानं घडी करून खिशात ठेवलं.

"मग देऊन टाका की," कमलबाई म्हणाली. "त्येच्यात इचार काय करायचाय? पुरात माझी कोंबड्याची टोपली शिंद्यांच्या दारात गेली तर त्यांनी आणून दिलीच की. एक कोंबडी कमी होती, ती गोष्ट येगळी."

"उद्यापासून माती भरूत," शमुवेल म्हणाला.

त्यानं त्याच दिवशी परभणीला कळवलं की तो चमत्कार नव्हता, ती शेजारच्या मावशींची हळद होती. उत्तर आलं: काही हरकत नाही. साहेबांचं येणं ठरलेलं आहे. साक्षीत योग्य तो बदल करावा.

सोमवारी नवांकुरचा ट्रॅक्टर निघाला. ट्रॉलीत काळी माती, मातीत हळदीची काही पानं, वर बन्सीधर बसलेला, पुढं भागम्मा चालत. ओढ्यावरच्या फरशी पुलापाशी तहसील कचेरीतले एक साहेब मोटारसायकल आडवी लावून उभे होते. त्यांना कुणी कळवलं, हे कधी कळलं नाही. किशनरावनं कळवलं असं गाव म्हणतं, पण गाव काहीही म्हणतं.

"परवाना?"

"कशाचा?"

"माती न्यायचा. गौण खनिज आहे हे."

"साहेब, ही या मावशींचीच माती आहे," शमुवेल म्हणाला. "पुरानं आमच्याकडं आणली. आम्ही परत नेतोय, एवढंच."

"पुरानं आणली ती नैसर्गिक आपत्ती. तुम्ही नेली की उत्खनन."

"मंग पुराला कुणी परवाना इचारला का?" वरून बन्सीधर.

"पूर दुसऱ्या खात्याकडं येतो."

भागम्मा पुढं झाली. "माझी माती मलाच नेता येत न्हाई?"

साहेब तरुण होते, आणि बोलायला मऊ. "मावशी, तुमची कशावरून? सातबाऱ्यावर जमीन असते. माती नसते. रीतसर अर्ज करा, मिळेल परवानगी."

"दिवाळीच्या आत?"

साहेबांनी घड्याळ बघितलं, जणू दिवाळी त्यात दिसणार होती. "ऑनलाइन करावा लागतो. सध्या पुरामुळं ते बंद आहे."

ट्रॅक्टर कचेरीच्या आवारात नेऊन उभा केला गेला, ट्रॉलीतल्या मातीसकट. काही दिवसांनी त्या ट्रॉलीतही हळदीला नवे कोंब आले, असं चहा नेणाऱ्या बाईनं सांगितलं. त्या दिवशी फरशीवर हे बोलणं चालू असतानाच बाजूनं किशनरावचा टिप्पर मुरूम घेऊन गेला. त्याच्या काचेवर परवाना चिकटवलेला होता, आणि खाली लिंबू-मिरची.

साहेब मोटारसायकल चालू करत होते तेव्हा बन्सीधरनं विचारलं, "साहेब, डोक्यावर नेली तर?"

साहेबांनी थोडा विचार केला. "डोक्याला परवाना लागत नाही."

म्हणून मग डोक्यावर.

पहिल्या दिवशी सगळं गाव लोटलं. मंडळीतली माणसं आली, शेतकरी गट आला, बचत गटातल्या बायका आल्या. पाट्या, घमेली, गव्हाचे रिकामे कट्टे, एकानं तर पाळण्याची झोळी आणली. नमुना प्लॉटवर कमलबाई खोऱ्यानं भरून द्यायची, माणसं ओढ्याच्या काठानं चढ चढून वर जायची, समाधीपाशी पाटी उपडी करायची आणि परत. कमलबाई भरताना गीत म्हणायची. वरच्या टोकाला भागम्मा प्रत्येक पाटी रिकामी झाली की कपाळाला हात लावायची. मधल्या रस्त्यात बन्सीधर माणसांना शिव्या द्यायचा. तीन प्रकारची उपासना एकाच रस्त्यावर चालली होती.

संध्याकाळी सगळ्यांनी बघितलं. अंगणाएवढी जागा काळी झाली होती. बाकीचं रान पिवळं होतं, आणि ते कुठं संपतंय ते दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माणसं निम्मी आली. कुणाचं काही चुकत नव्हतं. ज्याचं जेवढं वाचलं होतं त्या रानात वापसा आला होता, म्हणजे पेरायला हवी तेवढीच ओल, जास्त नाही, कमी नाही. वापसा कुणासाठी थांबत नाही. ज्वारी आता पेरली नाही तर मग पेरायचीच नाही. माणसं भागम्माला तोंड दाखवायला लाजून दुसऱ्या वाटेनं शेतात जायला लागली. बन्सीधर सगळ्यांत शेवटी गेला.

"काकू, माझं एवढं दोन दिवसांत उरकतो, मंग येतो. शपथ."

"जा की बाबा. रान वाळायलंय तुझं."

"राग न्हाई ना?"

"तुझ्यावर राग धरून माझी माती येणार हाय का?"

उरले शमुवेल, कमलबाई आणि भागम्मा. कमलबाईचे गुडघे दुसऱ्या दिवशी सुजले, पण ती बसून भरून द्यायची. शमुवेलची मान वाकडी झाली. एका दुपारी तो बोटांनी हिशेब करत बसला. किती पाट्यांत किती जागा झाकते, अडीच एकराला किती पाट्या लागतील, दोन माणसं दिवसाला किती नेतील. शिकलेला माणूस असल्यामुळं उत्तर बरोबर आलं. ते त्यानं भागम्माला सांगितलं नाही. प्रार्थनेतही सांगितलं नाही. तिथं ते आधीच माहीत असणार, असं तो धरून चालला.

उन्हात शमुवेल आणि भागम्मा समाधीच्या सावलीला बसले. रानात दुसरी सावली नव्हती.

"ब्रदर, तुमच्यात बी पुरतेत न्हाई का?"

"हो मावशी."

"बसवून?"

"नाही. आडवं ठेवतात."

"आडवं कशापायी?"

"ते... झोपल्यासारखं."

भागम्मानं ओट्यावर हात ठेवला. "आमचे बसतेत. बसलेल्या माणसाला उठायला सोपं जातंय."

शमुवेलनं पुनरुत्थानावर बरीच प्रवचनं दिलेली होती. त्यातलं एकही त्याला आठवेना.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "खरं सांगा ब्रदर. हुतंय का हे?"

पाटीच्या कडेला लागलेली माती शमुवेल नखानं काढत राहिला.

"एकदम सगळं नाही व्हायचं, मावशी."

"थोडं थोडं?"

"थोडं थोडं तरी..." आणि तो थांबला. "मावशी, नाही होत. मी पाट्या मोजल्या. या जन्मात नाही होत."

भागम्मानं मान हलवली. तिला ते माहीत होतं असं वाटलं, पण माहीत असणं आणि कुणीतरी सांगणं यात फरक असतो. तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला. तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि त्यात माती होती म्हणून तोंड आणखी मळलं.

"मला पुण्याला जायचं न्हाई," ती म्हणाली. "पोरगं चांगलं हाय. सून चांगली हाय. पर तिथं गेले की मी मेल्यावर मला कुठं बसवतील? जाळतेत म्हणे तिथं मशिनीत. आन ह्यास्नी तो हलक्या हाताचा मानूस उचलून कडंला ठेवणार. कशाच्या कडंला? कडा तर ऱ्हाणारच न्हाई." मग ती उठली. "महांतेश म्हणला, पेरलेलं दिसलं तर. किती पेरलेलं ते न्हाई म्हणला."

शमुवेलनं तिच्याकडं बघितलं.

"न्हाई म्हणला," भागम्मा पुन्हा म्हणाली. "तो माझा पोरगा हाय. बोललेला शब्द फिरवत न्हाई. मला एक वाफा पायजे, ब्रदर. एकच. पर तो असा पायजे की बघनाऱ्याला शेत वाटलं पायजे."

त्या दिवसापासून त्यांनी माती पसरायची थांबवली आणि एकाच जागी लावायला लागले. समाधीच्या समोर, चांगली हातभर जाड. शमुवेल रोज अंधार पडेपर्यंत माती वाहायचा. बन्सीधर शब्द दिल्याप्रमाणं परत आला, आणि आपली बैलं घेऊन आला. नांगरायला नाही, नांगरण्याएवढं काही नव्हतंच, पण बैल उभे असले की रान रानासारखं दिसतं म्हणून. माती बसली. भागम्मानं घागरीनं पाणी आणून शिंपडलं, एक रात्र मुरू दिलं आणि ज्वारी हातानं पेरली. बी मोजून टाकल्यासारखं टाकलं. वरून फळी फिरवली. इतकी नीट, इतकी सपाट की त्या खाचखळग्यांच्या मुरुमात ती जागा लांबूनही डोळ्यांत भरायची. कमलबाई सुजलेल्या गुडघ्यांनी बघायला आली आणि म्हणाली, "आंगनात सुदिक कुणी असं सारवत न्हाई, भागम्मा."

त्या वाफ्यावर पक्षीसुद्धा बसू नये म्हणून भागम्मा दिवसभर समाधीला टेकून बसायची.

महांतेश वसुबारसेला आला. नेमके त्याच दिवशी ट्रस्टचे मोठे साहेबही आले.

भागम्मा सकाळपासून फाट्यावर मुलाची वाट बघत उभी होती, म्हणून रानावर कुणी नव्हतं. शमुवेल साहेबांना घेऊन पायी नमुना प्लॉट दाखवत होता, आणि त्यांनी ड्रायव्हरला गाडी घेऊन पुढं, वरच्या रानात जायला सांगितलं होतं. महांतेश ऑटोतून उतरला. मागून मोटारसायकलवर किशनराव होताच. हातात प्लास्टिकची फाइल.

"अव्वा, लय वाळलीस ग."

"चल. पेरलेलं दाखवते."

"खरंच पेरलंस?"

"तू चल तर."

ती मुलाच्या पुढं पुढं चालली. चढावर तिला दम लागला, तरी ती थांबली नाही. वर पोचली तेव्हा तिथं गर्दी होती. मंडळीतली माणसं, गट, बचत गटातल्या बायका, आणि समाधीच्या ओट्यापाशी पांढऱ्या शर्टातले मोठे साहेब बोलत उभे होते. बॅटरीवरचा माईक होता. साहेबांचं बोलणं चांगलं होतं. मनापासूनही होतं. शमुवेलनं त्यांना रस्त्यानं सगळं सांगितलं होतं, आणि साहेबांचे डोळे ओले होते.

"चमत्कार म्हणजे काय?" साहेब म्हणत होते. "न पेरलेलं उगवणं हा चमत्कार नव्हे! वाहून गेलेलं डोक्यावर परत आणणं, हा चमत्कार आहे! ज्या मातीसाठी धर्म आडवा आला नाही, जात आडवी आली नाही..."

"कचेरी आडवी आली," बन्सीधर मागून म्हणाला.

महांतेश रानाकडं बघत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सगळा मुरूम. त्यानं हळू आवाजात विचारलं, "कुठं हाय, अव्वा?"

भागम्माची नजर एकाच जागी लागली होती. शमुवेलनंही तिची नजर कुठं आहे ते बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यानं पुढं व्हायला पाऊल उचललं, पण साहेबांनी त्याच वेळी भागम्माला ओळखलं आणि दोन्ही हात पसरले.

"आणि याच त्या माता! या, या पुढं या, मावशी. जागा द्या त्यांना." माईक तिच्या तोंडापुढं आला. "मावशी, आज संकोच करायचा नाही. आमचा ट्रस्ट तुमच्या पाठीशी आहे. विहीर म्हणा, बंधारा म्हणा, ठिबक म्हणा. मनात असेल ते मागा. मोठं मागा!"

सगळी गर्दी भागम्माकडं वळली. किशनरावनंसुद्धा फाइल काखेत धरली. महांतेश आईकडं बघत होता.

भागम्मानं हात जोडले. तिचा आवाज माईकमधून सगळ्या शिवारात गेला.

"साहेब, तुमची गाडी तेवढी मागं घ्यायला सांगा. माझं पेरलेलं तिच्याखाली हाय, लेकराला दाखवायचंय."